आधी पाणी, मग वजन

लग्नाकार्यात कोणी विचारलं, "वहिनी हल्ली काय करतात?" की आमचे हे गंभीर चेहऱ्याने सांगतात, "रोज सकाळी लोकांना फोन करून त्यांची वजनं विचारते." समोरचा आधी हसतो, मग माझ्याकडे बघतो आणि हळूच पोट आत ओढून घेतो. मी खुलासा करत बसत नाही. यांनी सांगितलेलं शब्दशः खरंच असतं.

माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. राहायला डोंबिवली, कामाला ठाणे, नौपाड्यातलं एक खासगी हॉस्पिटल आणि त्यातला हृदयरोगाचा वॉर्ड. सावंत सिस्टर येतायत म्हटलं की नवे डॉक्टरसुद्धा समोरच्या स्टुलावरचे पाय खाली घ्यायचे. निवृत्त झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी घरातली कपाटं आवरली. मग शेजारच्या वहिनींचं कपाट आवरायला घेतलं, तेव्हा यांना पुढचा धोका दिसला. नेमका त्याच वेळी आमच्या विभागाचे प्रमुख डॉक्टर पेठे यांचा फोन आला, आणि यांनी तो धावत आणून माझ्या हातात दिला.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, नवीन काम सुरू करतोय. पेशंट त्यांच्या घरी, आपण इथे. तुम्हाला उभं राहायचं नाही, धावायचं नाही. फक्त बसायचं आणि बघायचं."

"कोणाला?"

"स्क्रीनला."

मी नाहीच म्हणणार होते. पेशंटला हात न लावता नर्सिंग करायचं म्हणजे कणकेला हात न लावता पोळ्या करायच्या. पण शेजारच्या वहिनींचा चेहरा आठवला आणि हो म्हणून टाकलं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही, आणि देव करो कधी ठाऊक करून घ्यावं न लागो, त्यांच्यासाठी थोडं सांगते. हृदय थकलं की बंद पडतंच असं नाही. ते कुरकुरत चालू राहतं, पण अंगातलं पाणी पुढे ढकलायला कमी पडतं. मग ते पाणी साचतं. आधी पायांत, मग पोटात, मग फुप्फुसात. फुप्फुसात पोचलं की माणसाला आडवं होता येत नाही, आणि घरातले ॲम्ब्युलन्सचा नंबर शोधायला लागतात. हे जादा पाणी लघवीवाटे काढायची एक गोळी असते. ती रोज घ्यायची, मीठ कमी खायचं आणि रोज सकाळी वजन करायचं. दोन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पोळीभाताने वाढलेले नसतात. आमच्या पेशंटला घरी जाताना एक वजनकाटा आणि बीपीचं मशीन देतात. काट्यावर उभं राहिलं की आकडा मोबाइलमधून आपला आपण आमच्याकडे येतो. ठीक असेल तर हिरवा, जरा इकडेतिकडे असेल तर पिवळा, आणि फारच बिनसलं असेल तर लाल. पाणी पायांत आहे तोवर पकडायचं, एवढंच आमचं काम.

आमची खोली म्हणजे पूर्वीची चादरींची खोली. दोन खुर्च्या, दोन स्क्रीन, दोन फोन आणि माझ्या जोडीला रेश्मा. ही कल्याणची मुलगी, माझ्या मुलीपेक्षा लहान, नर्सिंग चोख आणि कॉम्प्युटरवर हात असा चालतो की मला नुसतं बघून घाम फुटतो. आम्ही वाटणी केली. यंत्रांशी ती बोलणार, माणसांशी मी.

पहिल्या काही महिन्यांतच लक्षात आलं की स्क्रीनवर आकडा येतो, पण तो आकडा कसा घडला ते येत नाही. नौपाड्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं बीपी रोज सकाळी छान असायचं आणि दुपारी कडाडायचं. औषध वाढवायची वेळ आली, तेव्हा चौकशीत निघालं की दुपारी ते आधी सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज वाचायचे आणि मग दंडाला पट्टा बांधायचे. क्रम उलटा करायला लावला, बीपी सुधारलं. ग्रुप सोडा म्हटलं तर म्हणाले, "सिस्टर, मग मी जगू कशासाठी?"

कोपरच्या म्हात्रेकाकांची गंमत तर आम्ही नव्या मुलींना शिकवताना सांगतो. काकांना हृदयाबरोबर मधुमेहही. रोज बोटाला सुई टोचून साखर मोजायची आणि आकडा पाठवायचा. गणपतीत सगळ्यांचे आकडे वर गेले आणि काकांचे मात्र तुपात घोळवल्यासारखे सुरेख. मला संशय आला. व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं, "काका, जरा बोटं दाखवा." काकांनी बोटं दाखवली. दाही बोटं गुळगुळीत. एवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, "त्यांची काय बघता सिस्टर, माझी बघा! माझ्या बोटांची चाळण केली या माणसाने!" मोदक काका खात होते आणि सुई काकूंना टोचत होती. मी काकांना झापलं खरं, पण फोन ठेवल्यावर रेश्मा आणि मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

अशा गोष्टींमुळे या कामाकडे बघायची माझी नजर बदलली. वॉर्डात पेशंट आमच्या राज्यात आलेला असतो. पलंग आमचा, जेवण आमचं, नळाला पाणी आमचं. तो शहाण्यासारखा वागतो कारण त्याला दुसरा इलाजच नसतो. इथे आम्ही त्याच्या घरात असतो, पण डोळे बांधून. हे मला पुरतं समजलं ते दिव्याच्या घागआजींमुळे, आणि हा लेख लिहायला बसले तोही त्यांच्यासाठीच.

घागआजी मूळच्या चिपळूणकडच्या. नवरा गेल्यावर मुलाकडे दिव्याला आल्या. मुलगा मंगेश भिवंडीला गोदामात कामाला, सून स्वाती कपडे शिवायच्या युनिटमध्ये. चौथ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर, लिफ्ट नाही. आजी दोनदा आमच्या वॉर्डात येऊन गेलेल्या, दुसऱ्या खेपेला तर अगदी मरणाच्या दारातून परत फिरल्या असं म्हणायला हवं. घरी जाताना त्यांनी माझा हात धरून बजावलं होतं, "सिष्टर, आता परत नाय हा येणार मी हितं. तिसऱ्यांदा आले तर परत जायची नाय." म्हातारी माणसं बोलतात, आपण सोडून देतो. पण डॉक्टर पेठेही मला बाजूला घेऊन साधारण तेच म्हणाले होते. तिसरा झटका या हृदयाला झेपेल याची खात्री नव्हती.

घरी गेल्यावर आजी काट्यावर अगदी नेमाने उभ्या राहायच्या. सकाळी देवापुढे दिवा लावायचा, काट्यावर चढायचं, मग चहा. फोन केला की आधी माझी चौकशी, मग यांची, मग आमच्या डोंबिवलीच्या घरी आंबे आले का याची. मी विचारायची, "आजी, पायाला बोट दाबून बघितलंत का? खड्डा पडतो?" त्या म्हणायच्या, "पडतो, पण भरतो हा लगेच."

मग उन्हाळा आला आणि आजींचा आलेख बिघडला. वजन चढायचं, उतरायचं, परत चढायचं. करवतीला असतात तसे दाते. चढलं की सूज आणि धाप, उतरलं की बीपी खाली आणि चक्कर. रेश्मा म्हणाली, काटा बिघडलाय. काटा बदलून पाठवला. नवा काटाही तेच सांगायला लागला. मग मीठ. हा आमचा नेहमीचा चोर. मी आजींची उलटतपासणी घेतली. लोणचं? नाही. पापड? नाही. कोकणातलं माणूस म्हणून मी शेवटी मुद्द्यावर आले, "सुकट?"

"देवाशपथ नाय. वास पण घेत नाय. स्वाती घरात आणतच नाय."

"गोळी घेता ना रोज?"

"घेते तर."

हे 'घेते तर' जरा पटकन आलं. पण माझ्या दुसऱ्या फोनची घंटा वाजत होती, आणि स्वातीनेही सांगितलं की सकाळी कामाला निघताना ती स्वतः गोळी आजींच्या हातात देते. मग संशयाला जागा उरली नाही. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. त्याने दाते आणखी लांब झाले. चढायचं ते चढायचंच, आणि उतरायचं तेव्हा असं उतरायचं की एकदा आजी मोरीच्या दारात चक्कर येऊन खालीच बसल्या. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे घरी सांभाळण्यातलं राहिलं नाही. ॲडमिट करू." मी आजींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "नाय येणार." मंगेशने समजावलं, स्वातीने समजावलं. उत्तर तेच. शेवटी डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, आणि मी पर्स उचलली.

त्यांना ॲडमिट व्हायला राजी करायचं, या एकाच कामासाठी मी दिव्याला गेले, हे नमूद करते. मला काही शोध लावायचा नव्हता.

भर दुपार. स्टेशनवरून रिक्षा, मग एका गल्लीतून पायी, मग चार जिने. तिसऱ्या मजल्यावर मी कठड्याला धरून उभी राहिले आणि स्वतःचीच नाडी बघितली. स्वातीने दार उघडलं. मी येणार म्हणून तिने अर्धी सुट्टी घेतली होती. बारीक, चटपटीत, बोलताना हात सतत कशात तरी गुंतलेले. आजी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या आणि मला बघून लहान मुलीसारख्या हसल्या. मी आधी खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. कित्येक महिन्यांनी मी पेशंटच्या पायाला हात लावत होते. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

"आजी, हे काय लगेच भरणं?"

"आज जरा जास्ती हाय," आजी म्हणाल्या आणि पाय लुगड्याखाली घेतला.

ॲडमिट होण्याचा विषय काढण्याआधी मला बाथरूमला जायचं होतं. आमच्या वयाच्या बाईला ठाण्याहून निघाल्यावर दिव्यापर्यंत हा प्रश्न येतोच. मी स्वातीला विचारलं. तिने पुढे होऊन दार दाखवलं, आणि तेवढ्यात आजी खुर्चीतून म्हणाल्या, "सिष्टर, निळ्या बादलीतलं घ्या हा. जरा बेतानंच घ्या."

"आई!" स्वाती लाजेने लाल झाली. "पाहुण्यांना असं सांगतात का? घ्या हो सिस्टर, हवं तेवढं घ्या. आज पाण्याचा दिवस नाही ना, म्हणून त्यांचं आपलं काहीतरी."

मी आत गेले, कडी लावली. नळ होता, पण त्याच्या तोंडाला जाळं धरलं होतं. कोपऱ्यात एक झाकलेला ड्रम, शेजारी निळी बादली, तिच्यात निम्म्याच्या खाली पाणी आणि वर तरंगणारा मग. मी मग हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. लघवीची गोळी घेतली की सकाळच्या सकाळी पाच-सहा वेळा तरी जावं लागतं. दर वेळी अर्धी बादली ओतायची. आणि आज पाण्याचा दिवस नाही. म्हणजे काल होता आणि उद्या असेल. एकाआड एक. करवतीचे दाते माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले, आणि त्या एवढ्याशा मोरीत उकाड्याने जीव जात असताना माझ्या अंगावर काटा आला.

बाहेर आले. स्वाती चहा टाकत होती. मी आजींच्या जवळ स्टूल ओढलं आणि हळू आवाजात विचारलं, "आजी, गोळी कुठल्या दिवशी घेता?"

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाल्या, "पाणी येतं त्या दिवशी."

"आणि नसतं त्या दिवशी?"

"देव्हाऱ्यामागं ठेवते. मग खाली टाकते."

"का हो आजी?"

"का काय? पाणी तळाच्या नळाला येतं, वर चढत नाय. मंगेश रातच्याला येतो, तवर नळ जातो. ही बाय कामावरून येते आणि चार जिने चढवते बादल्या. दोन हातांत दोन. हात बघा तिचे एकदा. कंबर धरून बसते आणि मी बघितलं की हसते. मी दहा वेळा मोरीत जाऊन ते सगळं ओतून टाकू? सुजले पाय तर सुजले. मला कुठं जायचंय चालत?"

"मग तिला सांगायचंत."

"सांगितलं असतं तर म्हणाली असती, घ्या गोळी, मी आणते आणखी दोन बादल्या. आणली पण असती. म्हणून नाय सांगितलं." मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "तुम्ही पण नाय सांगायचं. शप्पथ हाय."

वॉर्डात असते तर मी ओरडले असते. तिथे ओरडता येईना. इतकी वर्षं मी सासवासुनांच्या तक्रारी ऐकल्या, दोघींच्याही, पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून केलेल्या. असलं काही ऐकण्याची सवय नव्हती मला. मी म्हटलं, "आजी, मी सांगणार नाही. पण तुम्ही सांगायचं, आत्ता, माझ्यासमोर. नाही सांगितलंत तर मी इथून उठत नाही, आणि मग मलाही सारखं मोरीत जावं लागेल, बघा."

आजींना हसू आलं. तेवढ्यात स्वाती चहा घेऊन आली. आजींनी सांगितलं, पण ते सुनेला नाही, भिंतीवरच्या कालनिर्णयाला सांगावं तसं. स्वाती कपबशी हातात घेऊन ऐकत होती. मला वाटलं आता ही रडेल. ती भडकली.

"आई, मागच्या वेळी तुम्हाला ॲम्ब्युलन्सपर्यंत कोणी नेलं? ह्या खुर्चीत बसवून, चार जिने, मी खालून आणि मंगेश वरून! माझा हात सटकला असता म्हणजे? त्या दिवसापासून मला झोप लागत नाही, तुम्ही जरा खोकलात तरी उठून बसते मी. आणि तुम्ही माझ्या बादल्या वाचवताय? बादली हलकी असते हो तुमच्यापेक्षा!"

मग आजी म्हणाल्या, "एवढी काय जाड नाय मी." आणि स्वाती हसता हसता रडायला लागली, तिच्याबरोबर मीही. चहा गार झाला.

तिथूनच डॉक्टर पेठ्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जुना डोस. पहिली गोळी आत्ता, तुमच्या समोर. उद्या सकाळी वजन उतरायला लागलं पाहिजे. नाही उतरलं तर मात्र ऐकणार नाही, ॲडमिट." मी आजींना तसंच्या तसं सांगितलं. त्यांनी गोळी घेतली, मला जीभ बाहेर काढून दाखवली आणि म्हणाल्या, "झालं?"

झालं नव्हतं. पाण्याचा प्रश्न जागेवरच होता. पण त्याचा इलाज नर्सच्या शाळेत पहिल्या वर्षी शिकवतात, तो म्हणजे भांडं. बसायला उंच खुर्ची, खाली झाकणाचं भांडं, सकाळभर त्यातच जायचं आणि शेवटी एकदाच रिकामं करायचं. सहा वेळा ओतण्याऐवजी एक वेळ आणि वर धुवायला थोडं पाणी. आजी ताठ झाल्या. "ते आजारी माणसाचं. मी नाय बसणार त्याच्यावर."

"मग तुम्ही कोण, पाहुण्या?"

हे ऐकून स्वाती फिसकन हसली, आणि आजी हरल्या. मंगेशला फोन करून ती खुर्ची येताना घेऊन यायला सांगितलं. निरोप घेताना आजींनी मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाल्या, "ॲडमिट करायला आलेलीस ना गो तू? परत चाललीस तशीच." प्रथमच त्यांनी मला 'गो' आणि 'तू' म्हटलं.

त्या रात्री काय झोप लागायची! हे म्हणाले, "अगं, वॉर्डात असताना तरी घरी आल्यावर विसरायचीस." खरं होतं. वॉर्डात दुसरी पाळी यायची आणि पेशंट तिच्या हवाली करून आम्ही मोकळ्या व्हायचो. आता मी एका म्हातारीला चौथ्या मजल्यावर एका भांड्याच्या आणि अर्ध्या बादलीच्या भरवशावर सोडून आले होते. रात्रीत धाप लागली तर परत खुर्ची, परत चार जिने, आणि 'तिसऱ्यांदा आले तर परत जायची नाय.' सकाळी मी रेश्माच्याही आधी खोलीत जाऊन बसले. आजींचा देव, दिवा, काटा हा क्रम मला पाठ होता. त्यांच्या देवांना त्या दिवशी जरा जास्तच वेळ लागला. मग स्क्रीनवर आकडा आला. उतरला होता. लाल जाऊन पिवळा झाला होता. रेश्मा दारातून आत येत होती, तिला मी मिठीच मारली आणि तिचा डबा खाली पडला.

पुढच्या आठवड्यात आकडे हिरवे झाले आणि दाते बोथट होत होत गेले. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं, फोन केला की पहिला प्रश्न पाण्याचा. रेश्माने स्क्रीनवर प्रत्येक पेशंटच्या नावापुढे 'पाणी आलं का?' असा एक रकाना करून घेतला. कंपनीचा जो माणूस ते सॉफ्टवेअर सांभाळतो, तो फोनवर तीनतीनदा विचारत होता, "मॅडम, पाणी म्हणजे पेशंटने प्यायचं ना?" आम्ही बाकीच्यांनाही विचारायला सुरुवात केली, आणि जिथे जिथे नळाची बोंब होती तिथून काही बायकांनी आधी आढेवेढे घेतले आणि मग हळूच खरं सांगितलं. पुरुषांपैकी एकाही महाभागाला हा प्रश्न कधी पडला नव्हता. त्यांच्या बादल्या घरात कोणीतरी भरून ठेवत होतं.

लोक मला विचारतात, यंत्राने नर्सचं काम होईल का? मी दोन्ही बाजूंनी बोलते. यंत्र नसतं तर आजींचे ते दाते मला दिसलेच नसते. त्या वेगवेगळ्या दिवशी सुजल्या असत्या, वेगवेगळ्या दिवशी चक्कर येऊन पडल्या असत्या, आणि एक दिवस ॲम्ब्युलन्समधून आल्या असत्या. यंत्राने मला आज किती ते सांगितलं. का, ते कळायला चार जिने चढावे लागले. सगळ्यांचे जिने चढायला मी कुठे पुरणार, ही खंत आहे. कधीकधी एखाद्या पिवळ्या आकड्याकडे बघत बसते आणि अंगठा शिवशिवतो. पण एकंदरीत मी सुखात आहे. रोज सकाळी ठाण्यात बसून कल्याणपासून नौपाड्यापर्यंत इतक्या घरांत डोकावायला मिळतं, आणि बहुतेक घरांतून मला कोणीतरी 'चहा घेतलात का' असं विचारतं.

यंदा श्रावणातली गोष्ट. सकाळी आजींचा आकडा आला, नेहमीसारखा हिरवा. मी पुढच्या नावाकडे वळले तोच रेश्मा ओरडली, "सिस्टर, घागआजींचं बघा!" त्यांच्या नावावर लगोलग दुसरा आकडा आला होता, एकदम सहा किलोने कमी. बघेपर्यंत तिसरा. तो दुसऱ्यापेक्षा चौदा किलोने जास्त, लालभडक. स्क्रीन टुंई टुंई करायला लागली. यंत्र बिघडलं असेल हे कळत होतं, तरी मी लगेच नंबर लावला.

फोन आजींनीच उचलला. आवाज ठणठणीत.

"आजी, काट्यावर कोण आहे?"

"स्वाती."

"स्वाती? कशाला?"

"मीच उभी केली. आज नळ सकाळीच आला, मंगेश गेल्यावर. आधी रिकाम्या हातांनी, मग बादली घेऊन. एकच बादली हा, दुसरी खाली ठेवायला लावली." मग म्हणाल्या, "माझं रोज बघता. आज हिचं पण बघा जरा, ही काय चढवते ते. कोणीतरी बघितलं पायजे ना."

मागून स्वातीचा आवाज येत होता, "आई, काय हे, त्यांची मशीन बिघडेल!"

रेश्माने खूण करून विचारलं, हे चुकीचे आकडे पुसू का? मी मान हलवून नको म्हटलं. आजींना म्हटलं, फोन स्वातीला द्या. स्वाती धापा टाकतच बोलली, "सॉरी सिस्टर, त्या ऐकतच नव्हत्या."

"स्वाती, बादली ठेवलीस का खाली? आता तिथेच बस पाच मिनिटं, आणि आजींचा बीपीचा पट्टा तुझ्या दंडाला बांध."

"मला काय झालंय? कामावर जायचंय हो मला, उशीर होतोय."

मी काही बोलायच्या आत आजींचा आवाज आला, सासूचा, चांगला खणखणीत. "बस म्हणतायत ना त्या? बस."

ती बसली. आम्ही दोघी इकडे स्क्रीनकडे बघत थांबलो. पाच मिनिटांनी आकडा आला. पिवळा. तिच्या वयाला तो हिरवाच असायला हवा होता.

मी रेश्माला नवीन नाव उघडायला सांगितलं आणि फोनवर म्हटलं, "स्वाती, उद्या सकाळी आजींनंतर तू."